नागपूरहून लेहला बदली : फौजी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या यांच्या बदलीची ऑर्डर आली तेव्हा आम्ही कामठीत होतो. मे महिना, दिवसातून दोनदा कूलरमध्ये पाणी भरायचं, आणि घरात चर्चा लोकरीच्या मोज्यांची. दोन पोरांना घेऊन लेहजवळ अडीच वर्षं राहून आम्ही परत आलो. आता बदल्यांचा मोसम आला की कुणाची तरी बायको, आई किंवा स्वतः जवानच फोन करतो. कामठी, वायुसेना नगर, काटोल, उमरेड, कुठूनही. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

सगळे बर्फाचं विचारतात. मी उत्तर उंचीपासून सुरू करते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि लेह ३,५०० मीटरवर. थंडीवर कपडे मिळतात, बुखारी (खोली गरम करणारी शेगडी) मिळते. हवाच विरळ असली की त्यावर उपाय एकच, शरीराला वेळ देणं.

ऑर्डर आली आहे. कुटुंब सोबत नेता येईल का?

युनिटकडून लेखी परवानगी येईपर्यंत तिकीट काढू नका. लडाखचा बराचसा भाग फील्ड एरिया, म्हणजे प्रत्यक्ष तैनातीचा भाग आहे. पुढच्या चौक्यांवर कुटुंबाचा प्रश्नच येत नाही. लेहसारख्या मोठ्या ठाण्याच्या आसपास मोजकी क्वार्टर्स असतात. ती कुणाला, किती महिन्यांसाठी मिळतील हे युनिट आणि तिथली रांग ठरवते. "तिथे गेल्यावर बघू" हे लेहमध्ये चालत नाही. ऐन मोसमात भाड्याची खोली पर्यटकांच्या दराने मिळते आणि हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद असतात.

परवानगी मागण्याआधी कागद तपासा. लग्न आणि मुलांचे जन्म पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या सर्व्हिस रेकॉर्डच्या नोंदीत) चढलेले आहेत का? तिथलं नावाचं स्पेलिंग आणि आधारवरचं स्पेलिंग एकच आहे का? डिपेंडंट कार्ड, कॅन्टीन कार्ड, मुलांच्या लसीकरणाची पुस्तिका, सगळ्यांचे रक्तगट. एका अक्षराच्या फरकासाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करायचा तर तो कामठीत बसून करणं सोपं जातं.

न्यावं की इथेच ठेवावं?

हा निर्णय तुमच्या घरचा आहे, पण माझं मत स्पष्ट सांगते. मूल दहावी-बारावीत असेल, घरात कुणाला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, किंवा यांचा बराचसा काळ पुढच्या चौकीवरच जाणार असेल, तर इथेच राहा. नवरा महिन्यातून चार दिवस दिसणार आणि तुम्ही अनोळखी जागी एकट्या, यापेक्षा आईचं घर, ओळखीची शाळा आणि ओळखीचा डॉक्टर बरा. फील्डमध्ये गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी ठरावीक ठाण्यांवर वेगळी क्वार्टर्स असतात. त्यासाठी अर्ज लवकर टाका. आहे ते क्वार्टर ठेवता येतं का, हेही विचारा.

मुलं लहान आहेत, सगळ्यांची तब्येत ठणठणीत आहे आणि क्वार्टर हातात आहे, तर जा. माझ्या मुलांनी बाप रोज जेवायला घरी येताना पाहिला तो लेहमध्ये.

नागपूरहून जायचं कसं? विमानाने की रस्त्याने?

नागपूरहून लेहला थेट विमान नाही, दिल्लीला बदलावं लागतं. लेहची बहुतेक विमानं सकाळची असतात, कारण दुपारनंतर दरीत वारा वाढतो आणि हवा तापून आणखी विरळ होते. त्यामुळे एक रात्र दिल्लीत काढावी लागते. हिवाळ्यात ढग उतरले की विमान रद्द होतं, म्हणून दिल्लीत दोन दिवस जास्त लागतील असं धरूनच चाला. फौजी लोक बहुतेक चंदीगडच्या ट्रान्झिट कॅम्पमधून हवाई दलाच्या विमानाने जातात. त्यात कुटुंबाला जागा मिळेल का, हे युनिटलाच विचारा आणि मिळेलच असं गृहीत धरू नका.

रस्त्याने जाणार असाल तर श्रीनगरकडून जा. नागपूरवरून जाणारी अंदमान एक्सप्रेस जम्मूमार्गे कटऱ्यापर्यंत जाते, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून पुढे श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर, सोनमर्ग २,७०० च्या आसपास, मग ३,५२८ मीटरची झोजीला, पुढे द्रास, आणि कारगिल परत खाली २,७०० च्या आसपास. कारगिलला मुक्काम झाला की शरीर पायरीपायरीने चढतं. मनालीचा रस्ता दिसायला सुंदर आहे, पण त्यात सरचूसारख्या ४,२०० मीटरच्या वरच्या ठिकाणी रात्र काढायची वेळ येते. पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलांसाठी मी तो सुचवणार नाही. झोजीला हिवाळ्यात बर्फाने बंद होते, तेव्हा विमानच उरतं.

महिना निवडता आला तर मे-जून निवडा. थंडीच्या आधी चार महिने हातात मिळतात आणि घर लावून होतं.

पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं?

काहीच नाही. हेच सगळ्यांना जड जातं.

लष्कराचा स्वतःचा नियम बघा. ९,००० ते १२,००० फुटांवर पोचलेल्या धडधाकट जवानालाही सहा दिवस सवयीसाठी दिले जातात. पहिले दोन दिवस आराम, मग थोडं सपाटीवरचं चालणं, मग जरा जास्त. रोज पहाटे दहा किलोमीटर पळणाऱ्या माणसाला फौज सहा दिवस थांबवते, तर खोकी उघडून स्वयंपाकघर लावायला तिसऱ्या दिवशी आपण कंबर कसायची काही गरज नाही. आपल्या बायकांची हीच चूक होते. मी स्वतः दुसऱ्याच दिवशी पडदे लावायला स्टुलावर चढले, आणि संध्याकाळी उलट्या करत आडवी पडले होते.

विमानाने उतरलात तर सव्वा-दीड तासात तुम्ही दिल्लीच्या सपाटीवरून तीन हजार मीटरच्या वर आलेल्या असता. उतरल्यावर तासभर अगदी छान वाटतं. त्या छान वाटण्यावर विश्वास ठेवू नका. त्रास सहसा काही तासांनी, बऱ्याचदा पहिल्या रात्री सुरू होतो. डोकं दुखतं, भूक जाते, मळमळतं, झोप तुटक लागते. पाणी थोडं थोडं पण सतत प्या, कारण तिथली हवा इतकी कोरडी आहे की घाम आलेला कळतच नाही. जेवण हलकं, वरण-भात किंवा खिचडी. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. अंघोळ एक-दोन दिवस राहिली तरी चालेल.

डायमॉक्स नावाची गोळी बरेच जण आधीपासून घेतात. ती एमआय रूमच्या (फौजेच्या दवाखान्याच्या) डॉक्टरला विचारूनच घ्या. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. गोळी घेतली म्हणजे आराम टाळता येतो असं मात्र नाही.

आपण नागपूरकर उन्हाबद्दल किती शहाणे आहोत! मेमध्ये दुपारी बारा ते चार बाहेर पडत नाही, डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो, लहान पोराला पन्हं पाजूनच बाहेर नेतो. बाहेरगावचा पाहुणा भर दुपारी उठून सीताबर्डीला निघाला तर आपणच त्याला अडवतो. लेहच्या उंचीसमोर तो पाहुणा आपण असतो. तिथले लोक हळू चालतात, त्यांच्यासारखं हळू चाला.

आणखी एक. महिनाभर सुट्टीवर नागपूरला येऊन परत गेलात की सवय गेलेली असते. पुन्हा तोच आराम, पुन्हा तोच धीर. "मी तर तिथे वर्षभर राहिले आहे" म्हणून दुर्लक्ष केलेल्यांना त्रास झालेला मी पाहिला आहे.

कोणती लक्षणं दिसली की ताबडतोब दवाखाना गाठायचा?

बसल्या जागी धाप लागणं, आडवं झाल्यावर दम वाढणं, थांबत नसलेला खोकला, थुंकीत गुलाबी फेस, ओठ-नखं निळसर होणं. फुप्फुसात पाणी साठत असल्याच्या या खुणा आहेत. दुसरी तऱ्हा मेंदूची. चालताना तोल जातो, सरळ रेषेत पाय पडत नाहीत, माणूस असंबद्ध बोलतो, खूप गुंगी येते. यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्री दोन वाजताही एमआय रूमला फोन करा. ऑक्सिजन आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरणं हाच इलाज, आणि वेळेत केला तर माणूस बरा होतो.

लहान मुलाला "डोकं दुखतं" हे सांगता येत नाही. ते किरकिर करतं, खात नाही, खेळत नाही, झोपत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत असं झालं तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. घरात ऑक्सिमीटर ठेवा, पण नागपूरचे ९८-९९ तिथे शोधू नका. तिथे चांगल्या माणसाचाही आकडा नव्वदच्या आसपास असतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

आमच्या घरात सिकलसेलचा "वाहक" आहे. चालेल का?

हा प्रश्न मला कुणी आपणहून विचारत नाही. मीच विचारते, कारण आपण विदर्भातले आहोत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नागपूरपर्यंत सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) बऱ्याच घरांत आहे. वाहक माणसाला इथे सहसा आयुष्यभर काही त्रास होत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसतं.

उंचीवर मात्र रक्तातला ऑक्सिजन कमी होतो आणि अशा माणसाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. त्या प्लीहेतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकल्या की डाव्या बरगडीखाली जोराचं दुखणं सुरू होतं. प्रत्येक वाहकाला असं होईल असं नाही, पण पहिल्यांदाच उंचीवर जाणाऱ्या वाहकांमध्ये हे घडल्याची वैद्यकीय नोंद आहे. पोटात गॅस झाला म्हणून ओव्याचं पाणी पाजत बसलं तर वेळ जातो.

म्हणून निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या, मुलांचीसुद्धा. साधी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने पक्कं कळतं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला लेहला नेऊ नका. वाहक असेल तर जाण्याआधीच डॉक्टरांशी स्पष्ट बोला आणि तिथल्या एमआय रूममध्ये पहिल्याच दिवशी नोंद करा. यात लपवण्यासारखं, लाजण्यासारखं काहीही नाही. लग्न जमताना लपवलेली गोष्ट उंचीवर बाहेर यावी, ही वेळ कुणावर येऊ नये.

गरोदरपण, तान्हं बाळ, किंवा सासूबाईंना दोन महिने नेणं?

तिन्ही बाबतींत डॉक्टरांचा होकार आधी, तिकीट नंतर. गरोदरपणात पहिल्यांदाच इतक्या उंचीवर जाणं मी टाळायला सांगेन. लेहमध्ये लष्कराचं मोठं रुग्णालय आहे आणि सोनम नोर्बू स्मृती रुग्णालयही आहे, पण काही गुंतागुंत झाली तर खाली नेणं हवामानाच्या हाती असतं. सासूबाईंना बीपी, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यांना प्रेमाने नागपूरलाच थांबवा. रागावतील, पण सुखरूप राहतील.

थंडी खरंच किती? बर्फात घर बुडतं का?

लेहमध्ये बर्फ आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी पडतो. ते थंड वाळवंट आहे, वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ. नागपुरात पावसाळ्याच्या एका दिवसातसुद्धा इतका पाऊस होतो. भिंतीला लागून बर्फाचे ढीग दिसतात ते द्रास आणि झोजीलाकडे. लेहची थंडी कोरडी. जानेवारीत रात्री उणे १५, कधी उणे २०. दिवसा ऊन इतकं लख्ख की दक्षिणेकडच्या काचेच्या खोलीत स्वेटर काढून बसावं. तिथले लोक घरं बांधतातच तशी, दक्षिणेला मोठ्या काचा आणि उत्तरेला जवळजवळ बंद भिंत. क्वार्टर निवडायला मिळालं तर दक्षिणमुखी घ्या.

त्या उन्हाला हलकं समजू नका. हवा विरळ म्हणून अतिनील किरणं जास्त, आणि बर्फावरून परत उसळून येणारी वेगळी. मुलांनाही चांगला काळा चष्मा हवाच. बर्फाने डोळे पोळले की रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं.

कपडे नागपुरातून घ्यावेत का?

थोडेच. हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात, त्यांच्याकडून घरात घालायचे दोन-दोन घ्या. थर्मल, जाड जॅकेट, बर्फातले बूट दिल्लीत किंवा लेहच्या बाजारात घ्या. एकच भलं जाड कापड घालण्यापेक्षा थर महत्त्वाचे. अंगालगत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन अंगालगत नको, घामाने ओलं झालं की तेच गारठवतं. मुलांचे बूट एक माप मोठे, म्हणजे दोन मोजे मावतात. साडी नेसणाऱ्यांनी आत लोकरीची लेगिंग घालावी.

नाकाला आणि ओठांना रोज तूप किंवा व्हॅसलिन लावा, नाहीतर नाकातून रक्त येतं. खोबरेल तेल तिथे जवळजवळ वर्षभर दगड झालेलं असतं. मुलांच्या अंगाला तिळाचं तेल न्या.

बुखारीची भीती वाटते. ती कशी वापरायची?

भीती वाटते हे चांगलंच आहे. बुखारी म्हणजे रॉकेलवर किंवा लाकडावर चालणारी पत्र्याची शेगडी, धूर नळीतून बाहेर जातो. ती जळताना नळी तुंबली किंवा खोली घट्ट बंद असली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो.

आमच्या घरचा नियम असा होता. झोपण्याआधी बुखारी बंद म्हणजे बंद, बाहेर उणे वीस असलं तरी. खिडकीची एक फट कायम उघडी. नळी दर पंधरा दिवसांनी झाडायची. शेगडीतले निखारे खोलीत आणायचे नाहीत. रात्री गरम पाण्याच्या पिशव्या आणि एकाच रजईत दोन्ही पोरं.

आणि हे लक्षात असू द्या, या वायूने होणारं डोकेदुखी-मळमळ अगदी उंचीच्या त्रासासारखंच वाटतं. तुम्हाला येऊन दोन महिने झालेत आणि एके संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं, तर उंचीला दोष देऊ नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, बुखारी विझवा, दवाखाना गाठा.

पाण्याचं काय?

नळ गोठतात. रात्री पाइप रिकामा करतात किंवा नळाची बारीक धार चालू ठेवतात. घरात झाकणाचे ड्रम भरून ठेवा. गोठलेल्या पाइपवर उकळतं पाणी ओतू नका, तो फुटतो.

स्वयंपाक बदलतो का? सोबत काय न्यावं?

बदलतो, आणि याबद्दल मी तासभर बोलू शकते. लेहमध्ये पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं. खळखळ उकळतंय असं दिसतं, पण तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही आणि भात बाहेरून मऊ, आत कच्चा राहतो. म्हणून दोन कुकर न्या, जास्तीच्या रिंगा आणि व्हॉल्व्हसकट. कुकरमध्येही नागपूरच्या तीन शिट्यांना तिथे पाच-सहा लागतात. हरभरा, राजमा रात्रभर भिजवा, आणि तो गोठणार नाही अशा जागी ठेवा.

पीठ आंबत नाही. इडलीचं पीठ किंवा दह्याचं विरजण रजईत गुंडाळून बुखारीजवळच्या उबेला ठेवायचं, विझल्यावरही पत्रा बराच वेळ कोमट राहतो. गॅस सिलिंडर थंडीत मंद चालतो, कारण त्यातलं ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होईनासं होतं. सिलिंडर घराच्या आत ठेवा. त्याला शेगडीने शेकायचा विचारही करू नका.

भाज्या उन्हाळ्यात भरपूर. हिवाळ्यात कोबी, गाजर, शलगम, बटाटे, कांदे. लडाखी लोक ते जमिनीतल्या खड्ड्यात साठवतात. डीआरडीओची डिहार ही संस्था लेहमध्येच आहे. जमिनीत खणलेल्या आणि वरून झाकलेल्या हरितगृहांत थंडीतही पालेभाज्या कशा घ्यायच्या, हे त्यांनी सैन्याला आणि गावकऱ्यांना शिकवलं. आमच्या लाइनमध्ये (क्वार्टर्सच्या रांगेत) तसाच एक खड्डा होता. फेब्रुवारीत त्यातून मूठभर सांबार (कोथिंबीर) निघाला, तेव्हा वाटाणा-बटाट्याच्या रश्श्यावर तो पेरताना माझे डोळे भरून आले होते.

नागपूरहून न्यायचं ते असं. सावजी मसाला, तिखट, ज्वारीचं पीठ (दोन महिन्यांपुरतंच, नंतर कडू होतं), बेसन, मुगवड्या, सांडगे, कुरड्या, जवसाची चटणी, लोणचं, पोहे, गूळ. संत्री न्यायची तर हाताच्या सामानात आणि पहिल्या आठवड्यात संपवायची, गोठली की कडवट होतात. सावजीचा तिखट रस्सा पहिल्या आठवड्यात नको, पोट नाजूक असतं. नंतर उणे दहामध्ये त्याच्यासारखं सुख नाही.

सामान किती न्यावं? पैसे मिळतात का?

कायमच्या बदलीवर कंपोझिट ट्रान्सफर ग्रँट मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार ती शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के आहे. सामानाचा भत्ता वेतनस्तराप्रमाणे वेगळा. पावत्या जपून ठेवा, क्लेम वेळेत टाका. कूलर, लाकडी पलंग, कपाट इथेच सोडा. काळ्या पेट्या मात्र हव्यातच. त्या सामानासाठी जातात, तिथे त्यांच्यावर गादी टाकून दिवाणही होतो. प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा. आमची एक पेटी वाटेत महिनाभर अडकली आणि नेमकी तीच मुलांच्या स्वेटरची होती. तेव्हापासून पहिल्या पंधरा दिवसांचे गरम कपडे मी अंगासोबतच्या बॅगेतच ठेवते.

मुलांच्या शाळेचं कसं होईल?

लेहमध्ये केंद्रीय विद्यालय आहे. मुलं आधीच अजनी, वायुसेना नगर किंवा कामठीच्या केंद्रीय विद्यालयात असतील तर तिथल्या टीसीवर प्रवेश सोपा होतो. स्टेट बोर्डातून जाणाऱ्यांना दोन अडचणी येतात, एक गणित-विज्ञानाचा पुढेमागे झालेला भाग आणि दुसरी मराठी सुटणं. पहिली तीन-चार महिन्यांत भरून निघते. दुसरीसाठी मी बालभारतीची पुस्तकं नेली होती आणि रोज रात्री एक धडा मोठ्याने वाचून घेत होते. नाहीतर पोरं आजीशी हिंदीत बोलायला लागतात.

सुट्ट्यांचं चक्र उलटं असतं. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात, तिथे लांब सुट्टी हिवाळ्यात. म्हणजे नागपूरच्या सर्वांत छान महिन्यांत मुलं आजोळी येऊ शकतात.

मोबाइल आणि पार्सल?

नागपूरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या, दोघांचंही. पार्सल ५६ एपीओच्या (आर्मी पोस्ट ऑफिसच्या) पत्त्यावर फक्त टपाल खात्याने जातं, खासगी कुरिअर नाही. आईला सांगून ठेवा : दिवाळीचा फराळ महिनाभर आधी स्पीड पोस्टाने.

आमची गाडी न्यावी का?

पहिल्या वर्षी नको. न्यायचीच तर रेडिएटरमध्ये साधं पाणी अजिबात नको, गोठून इंजिन फोडतं. योग्य प्रमाणात कूलंट भरा. साधं डिझेल थंडीत घट्ट होतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, हिवाळ्यात तेच भरा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून अडकतो, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. नवी गाडी घ्यायची असेल तर बीएच (भारत) मालिकेचा क्रमांक घ्या. तो २०२१ पासून फौजींना मिळतो आणि राज्य बदललं तरी नव्याने नोंदणी लागत नाही.

एकटेपणा येतो का?

येतो. डिसेंबर-जानेवारीत जास्त. दिवस छोटा, यांची ड्यूटी लांब, मुलं घरात कोंडलेली. मला दुपारी चार वाजले की रडू यायचं, आणि ते मी कुणाला सांगत नव्हते. शेजारच्या गढवाली वहिनींनी ओळखलं. त्या रोज चारला चहा घेऊन यायला लागल्या, बाकी काही बोलल्या नाहीत. तुम्हीही शेजारचं दार वाजवा. झोप, भूक दोन आठवडे गेलेली असेल तर एमआय रूमच्या डॉक्टरांना सांगा, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

सण धरून ठेवा. तान्हा पोळ्याला आम्ही लाकडी बैल नेला होता. कुमाऊँनी, तमिळ, पंजाबी, सगळी मुलं जमली, खोक्याचे, मातीचे बैल केले आणि लाइनभर बोजारा (पोळ्याचा खाऊ-पैसे) मागत फिरली. संक्रांतीला तिळगूळ इतका कडक झाला की चहात बुडवून खाल्ला.

लडाखी शेजाऱ्यांना "जुले" म्हणा. नमस्कार, धन्यवाद, येते, सगळं त्यात येतं. थंडीत त्यांचा लोसर, म्हणजे नव्या वर्षाचा सण येतो. बोलावलं तर नक्की जा, खारट लोण्याचा चहा थोडा तरी घ्या. गळ्यात खतक (मानाचं उपरणं) घातलं तर मान झुकवून स्वीकारा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. तिथे गेलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

मला तिथे काम मिळेल का?

बी.एड. असेल तर शाळांमध्ये विचारा. बाकी संधी कमी, आणि नेट हिवाळ्यात रुसतं. शिकवणी, शिवणकाम चालतं.

फोटो टाकले तर चालतं का?

मुलांचे बर्फातले फोटो घरच्यांना पाठवा. पण गणवेश, गाड्या, लाइनचे बोर्ड, हेलिपॅड, युनिटचं नाव, यांच्या जाण्या-येण्याच्या तारखा नकोत, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा. "हे उद्या वर चाललेत" एवढं वाक्यही नको.

परत नागपूरला येताना काही काळजी घ्यायची का?

हो, आणि ती कुणी घेत नाही. अडीच वर्षांनी आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात स्टेशनवर उतरलो. धाकटीला उन्हाची आठवणच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती आजीच्या अंगणात भर दुपारी खेळली आणि रात्री तापाने फणफणली. शरीर उन्हाची सवयही विसरतं, ती यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत परत या. मेमध्येच यावं लागलं तर पहिला आठवडा पुन्हा तसाच काढा : दुपारी घरात, पाणी सतत, काम थोडं, आणि पेट्या सावकाश उघडायच्या.